भिंतीला वाचून दाखव

मुलांच्या वहीत मगदूम बाईंनी स्वल्पविराम कधी स्वतः दिला नाही. जिथं तो राहिला असेल त्या ओळीच्या कडेला, समासात, शिसपेन्सिलीनं एक बारकी आडवी रेघ मारायच्या, बस्स. या ओळीत काहीतरी कमी आहे एवढंच ती रेघ सांगायची. काय कमी आहे आणि कुठं, ते पोरानं शोधायचं. पोरगं वही घेऊन परत यायचं, "बाई, कुठं द्यायचा?" बाई मान वर न करता म्हणायच्या, "मला काय विचारतोस? जा, भिंतीला वाचून दाखव."

मग ते पोरगं व्हरांड्यात जायचं आणि भिंतीपासून हातभर अंतरावर उभं राहून मोठ्यानं वाचायचं. मी त्या शाळेत रुजू झाले त्या दिवशी पहिल्यांदा हेच बघितलं. पाच-सहा पोरं ओळीनं उभी, तोंडं भिंतीकडं, आणि सगळी एकदम ओरडतायत. मला वाटलं, शिक्षा केलीय. एक जण वाचता वाचता मधेच अडकला, श्वास घेतला, खूश झाला आणि पळत वर्गात गेला.

"काय म्हणाली भिंत?" बाईंनी विचारलं.

"मामाच्या गावाला गेलो-च्या पुढं दम लागला, बाई."

"मग तिथं दे."

शाळा गारगोटी रस्त्यावरच्या एका गावातली, जिल्हा परिषदेची. मी गगनबावड्याकडची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. बी.ए. मराठी घेऊन केलं, बी.एड. केलं. विरामचिन्हांचा तक्ता मला झोपेत म्हणता यायचा. पण तो तक्ता बाईंच्या वर्गात नव्हताच. बाकीच्या सगळ्या भिंतींवर जलचक्र होतं, फळं होती, पाढे होते. पाचवीची भिंत मोकळी. "तिला ऐकायचं काम असतंय," बाई म्हणायच्या.

आता सगळीकडं मॅडम म्हणतात. मलाही मॅडमच म्हणायचे. पण शालन मगदूम या शेवटपर्यंत बाई. बारीक अंगाच्या, कॉटनची साडी, पायात रबरी सोलच्या चपला, खांद्याला अडकवायची कापडी पिशवी. राहायला कळंब्याला, रोज एसटीनं ये-जा. एसटीत खिडकीशी बसून रस्त्यावरच्या पाट्या ओठ हलवत वाचायच्या. हार्डवेअरची, खताची, वाढदिवसाच्या शुभेच्छांची, एकही पाटी सोडायच्या नाहीत. एखाद्या पाटीशी ओठ थांबले की समजायचं, तिथं काहीतरी राहिलंय.

बोलण्याची एक तऱ्हा होती. पुस्तक उघडं असेल तर पुस्तकी बोलायच्या, पुस्तक मिटलं की गावच्या. आणि दोन्हीकडं सावकाश. वाक्याच्या मधे थांबायच्या, पुरतं थांबायच्या, मग पुढं जायच्या. आमच्याकडं असं कुणी बोलत नाही. आमच्याकडं माणूस बोलायला लागला की उतारावरच्या ट्रॉलीसारखा, थांबला तर समजायचं संपलं. त्यामुळं बाई मधे थांबल्या की समोरचा सुरू व्हायचा. बाई त्याचं ऐकून घ्यायच्या आणि तो थांबला की आपलं राहिलेलं अर्धं वाक्य तिथूनच पुढं न्यायच्या. तोवर समोरच्याला पहिलं अर्धं आठवत नसायचं. आम्ही शिक्षक खोलीत हसायचो. बाईही हसायच्या.

एकदा शाळा तपासायला एक नवे साहेब आले. त्यांनी व्हरांड्यातली ती रांग बघितली आणि दारातच उभे राहिले.

"ही काय पद्धत झाली? मुलांना भिंतीकडं तोंड करून उभं करायचं? आता शिक्षेला बंदी आहे, माहीत नाही तुम्हाला?"

मुख्याध्यापकांचा चेहरा पडला. बाई काही बोलणार, तेवढ्यात रांगेतल्या प्रणवनं मान वळवली. "शिक्षा न्हाय सायेब. वाचायलोय."

"भिंतीला?"

"व्हय. बाई ऐकत बसल्या तर आमी भराभर वाचतोय. भिंतीला घाई नसतीया."

साहेब हसले नाहीत. खोलीत जाऊन बसले आणि तपासणीचा अहवाल लिहून काढला. चहा आला तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "साहेब, अहवाल वाचून दाखवता का एकदा?" साहेबांनी वाचायला घेतला. पहिलं वाक्य पानभर लांब. अर्ध्यात त्यांना ठसका लागला. बाईंनी पाण्याचा पेला पुढं केला आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. साहेब गेल्यावर प्रणवला बोलावून म्हणाल्या, "चांगलं सांगितलंस. आता तेच वहीत लिही, आणि रेघ आली न्हाय पाहिजे."

अपूर्णविराम, म्हणजे ती एकाखाली एक दोन टिंबं, बाईंनी कधी फळ्यावर शिकवली नाहीत. शनिवारी सकाळच्या शाळेत मुठीचा तास असायचा. एकेकानं पुढं यायचं, मूठ मिटून हात लांब करायचा आणि म्हणायचं, "माझ्या मुठीत आहे". एवढं म्हणून गप्प उभं राहायचं. वर्ग पुढं सरकायचा. मागच्या बाकावरची उठून उभी राहायची. मग मूठ उघडायची आणि काय आहे ते नावानिशी सांगायचं: दोन शेंगा, एक गोटी, शर्टाचं बटण. मी दारातून बघायची. मेलेला भुंगा निघायचा, म्हशीच्या गळ्यातला मणी निघायचा. एकानं एकदा मूठ उघडली तर आत काहीच नाही. सगळा वर्ग ओरडला, "फसीवलं, फसीवलं!"

तो दात काढत होता. बाई म्हणाल्या, "दम खा. हसू नका. त्यानं दोन टिंबं दिली म्हणजे शब्द दिला. पुढं काहीतरी येणार, असं सांगितलं आपल्याला. आणि आपण सगळी वाट बघत बसलो." मग थांबल्या. "आता कसं वाटलं वाट बघून?"

"राग आला, बाई."

"वाचणाऱ्याला बी असाच येतोय."

पुढं त्या वर्गातल्या कुठल्याही पोरानं ती दोन टिंबं उगीच टाकलेली मी बघितली नाहीत.

ओळीच्या सुरुवातीला एकेक टिंब देऊन एकाखाली एक मुद्दे लिहायचे असतात, ते त्यांनी शाळेच्या परसबागेत नेऊन शिकवलं. बाईंचं माहेर शेतीचं. मेथीचा वाफा, कोथिंबिरीचा वाफा, लाल माठाचा वाफा. प्रत्येकाला आपला बांध, पाणी एकेका वाफ्याला वेगळं. "मेथीच्या वाफ्यात मधेच वांगं लावलं तर आई काय म्हणंल?" पोरांनी आई काय म्हणेल ते इतक्या मोकळेपणानं सांगितलं की बाईंनाच त्यांना आवरावं लागलं. वर्गात परत आल्यावर सांगितलं, सहलीला काय काय न्यायचं ते मुद्दे देऊन लिहा. सृष्टीनं लिहिलं होतं:

• पाणी
• डबा
• टोपी
• संज्याशेजारी बसायचं नाही

बाईंनी शेवटच्या मुद्द्यापुढं रेघ मारली. सृष्टी भांडायला आली. "बाई, हे तर सगळ्यात महत्त्वाचं हाय!"

"महत्त्वाचं हाय, पण पिशवीत बसतंय का?"

सृष्टीनं विचार केला. खाली नवीन मथळा काढला, 'सहलीत काय करायचं नाही', दोन टिंबं दिली आणि त्याखाली संज्याला एकट्याला वाफा दिला. बाईंनी ती वही मला दाखवली. इतक्या खूश मी त्यांना फार थोड्या वेळा बघितलं.

पालकांच्या व्हॉट्सॲप गटावरही त्या तशाच. बाकी सगळे आवाजी निरोप पाठवायचे, मागं म्हशी ओरडतायत, मिक्सर चाललाय. बाईंचा निरोप मात्र मथळा, दोन टिंबं, खाली मुद्दे. एक पालक मला म्हणाला होता, "मगदूम बाईंचा निरोप आला की आमची आई बी वाचती. बाकीच्यांचं मी ऐकतच न्हाय."

एवढं सगळं असून गाव बाईंवर नाराज होतं, आणि गावाचंही काही चुकीचं नव्हतं. तेव्हा शिष्यवृत्तीची परीक्षा पाचवीला असायची. आमच्या जिल्ह्यात त्या परीक्षेचं काय वेड आहे ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. पहाटे जादा तास, रविवारी सराव पेपर, आणि निकाल लागला की वेशीवर पोरांचे फोटो लावलेला फलक. शेजारच्या गावच्या फलकावर ओळीनं फोटो, आमच्या गावचा फलक निम्मा मोकळा. त्या मोकळ्या जागेत दूध संस्थेनं आपली जाहिरात घातली होती. ती गावाला फार लागली.

शाळा समितीचे अध्यक्ष सर्जेराव. वय चाळिशीच्या आत, दूध, ऊस, थोडी ठेकेदारी. थोरला मुलगा चौथीतून पाचवीत जाणार होता. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी त्यांनी बैठक बोलावली. सर्जेराव बोलायला लागले की कौलावरची कबुतरं उडायची.

"बाई, तुमच्याबद्दल तक्रार न्हाय आमची. तुमी चांगल्या हाय. पण त्या चिन्हांवर परीक्षेत एकच प्रश्न असतोय, त्यो बी नाव वळखायचा, गोल काळा करायचा, झालं. तुमी त्येच्यावर अख्खं वरीस घालवतासा! पोरं भिंतीसंगट बोलत्यात आन् शेजारची पोरं बोर्डावर झळकत्यात. ह्या नव्या मॅडम हायत, बी.ए., बी.एड. हायत, त्यास्नी पाचवी द्या असं आमचं म्हणणं."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. वर्ग मला हवा होता, हे खोटं कशाला सांगू?

मुख्याध्यापक बाईंकडं वळले. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं की बाईंचा जीव पाचवीत आहे. नोकरीची निम्म्याहून जास्त वर्षं त्यांनी तीच इयत्ता घेतली होती, दुसरी मागितली नव्हती. त्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "माझी नोकरीची तीन वर्षं राहिलीत." आणि थांबल्या.

त्यांच्या नेहमीच्या थांबण्यासारखंच ते थांबणं होतं. पण सर्जेरावांना वाटलं, संपलं.

"बघा, बाई सोताच म्हणत्यात! तीन वर्षं राहिलीत, आता कशाला ताण? हलका वर्ग घ्या. पयली घ्या. काय हो सर?"

"बाईंची हरकत नसेल तर," मुख्याध्यापक म्हणाले.

"न्हाय की हरकत. टाळ्या वाजवा." टाळ्या वाजल्या. चहा आला. बाई उभ्याच होत्या. मग बसल्या.

संध्याकाळी आम्ही दोघी एसटीची वाट बघत थांब्यावर उभ्या होतो. मला राहवलं नाही. "बाई, तुमचं बोलणं पुरं झालं नव्हतं."

"न्हवतं."

"काय म्हणणार होता?"

"म्हणणार होते, तीन वर्षं राहिलीत, ती मला पाचवीतच द्या, शिष्यवृत्तीचे जादा तास मी सकाळी वेगळे घेते, पोरं बोर्डावर आणायची जबाबदारी माझी." पिशवीचा पट्टा त्यांनी खांद्यावर नीट केला. "म्हणजे त्यांना बी पाहिजे ते मिळालं असतं."

"मग ओरडून सांगायचं की! आत्ता चला, सर्जेराव घरी असतील."

बाईंनी एसटी येतेय का बघितलं. डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच. "सुरेखा, ती माणसं माझ्याच हाताखालनं गेलीत. सर्जेराव माझ्याच पाचवीतला. त्याला मी स्वल्पविराम द्यायला शिकवलं, पण दुसरा थांबला की आपण बी थांबायचं, हे काय मला जमलं न्हाय. ते शिकवायला पाचवीत फार उशीर होतोय बघ."

जूनमध्ये त्यांनी पहिली घेतली. तक्रार नाही, तोंड वाकडं नाही. पण पहिल्या दिवशी पाचवीच्या वर्गावरून जाताना त्यांनी दाराच्या चौकटीला हात लावलेला मी बघितला.

पहिलीच्या पोरांना लिहिता येत नव्हतं, मग चिन्हं कसली? बाईंनी खुर्ची कोपऱ्यात सरकवली आणि सतरंजीवर गोल करून बसल्या. रोज एका पोरानं उभं राहून काहीतरी सांगायचं. काहीही. बाकीच्यांनी फक्त एक करायचं: तो थांबला तरी मधे बोलायचं नाही. बाईसुद्धा बोलायच्या नाहीत. शब्द सुचवायचा नाही, "मग पुढं?" म्हणायचं नाही, मान हलवून घाई करायची नाही. पहिले दोन महिने त्या वर्गातून नुसता कालवा ऐकू यायचा. एक थांबला की दहा जण तुटून पडायचे. "बाई मी सांगतो! बाई, त्येच्या म्हशीला न्हाय झालं, आमच्या म्हशीला झालं!" बाई पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावायच्या. दिवाळीनंतर कालवा उतरला. मी पाचवीत सराव पेपर घ्यायची आणि भिंतीपलीकडं कुणीतरी बोलतंय, मग शांत, मग बोलतंय, असं ऐकू यायचं. त्या शांततेत माझीच पोरं कान टवकारायची.

त्या वर्गात आरोही होती, सर्जेरावांची धाकटी. बाप गावभर ऐकू जाणारा आणि ही शाळेत तोंड उघडायची नाही. घरी बोलायची, वर्गात पाय ठेवला की ओठ मिटलेले. तिची पाळी आली की ती उभी राहायची, बाई आणि पोरं वाट बघायची, ती बसायची. बाई म्हणायच्या, "बरं. उद्या." आणि पुढच्याला उठवायच्या.

माझ्या पाचवीचा निकाल चांगला लागला. मी कष्ट घेतले होते, पोरांनी घेतले होते. फलक लागला. सर्जेरावांच्या मुलाचा फोटो वरच्या ओळीत, आणि खाली कोपऱ्यात माझा, 'मार्गदर्शक शिक्षिका'. मी त्याचा फोटो काढून वडिलांना पाठवला. वडिलांना वाचता येत नाही, पण त्यांनी तो दूध घालायला आलेल्या सगळ्यांना दाखवला. एसटीतून उतरल्यावर बाई फलकापुढं उभ्या राहिल्या. ओठ हलले. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "फोटो चांगला आलाय तुझा. साडी कुठं घेतलीस?" त्यात टोमणा नव्हता. मी दुकानाचं नाव सांगितलं आणि पुढच्याच रविवारी त्यांनी तिथूनच साडी घेतली.

त्याच वर्षी माझी बदली निघाली. सर्जेराव धावत शाळेत आले, थेट पहिलीच्या वर्गात.

"बाई, ह्या मॅडम निघाल्या. आता पाचवी तुमीच घ्या. मी समितीत सांगतो."

बाई उठल्या. "आता न्हाय, सर्जेराव. ही पोरं दुसरीत निघाल्यात. मी ह्यांच्यासंगं जाणार."

"अवं, पण तुमचा जीव पाचवीत…"

"होता की." बाई थांबल्या. सर्जेरावांनी तोंड उघडलं. सतरंजीवरची सगळी पोरं त्यांच्याकडं बघायला लागली, नुसती बघायला लागली. सर्जेरावांनी तोंड मिटलं. मी दारात उभी होते. मला तो क्षण फार लांबलेला वाटला.

"होता की," बाई पुन्हा म्हणाल्या, "पण हे काम अर्धं झालंय. माझी दोन वर्षं हायत. तिसरीपर्यंत ह्यांना नेते, तोवर लिहायला लागतील. तेवढं मला द्या. दुसरं काय मागत न्हाय."

हे सगळं त्यांनी सलग आणि पूर्ण सांगितलं, आणि कुणीही मधे बोललं नाही. सर्जेरावांनी टोपी काढून परत घातली. "बरं," म्हणाले. एवढा लहान शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

माझा शाळेतला शेवटचा दिवस. नारळ, शाल, फोटो सकाळीच झाले होते. दुपारी गारगोटीकडून येणारी एसटी धरायची होती. पिशवी घेऊन मी बाईंच्या वर्गाच्या दारात गेले. नमस्कार करायचा होता, आणि दोन वाक्यं मनात जुळवून ठेवली होती. मराठीची पदवीधर मी, ती नीट जुळवली होती.

आत आरोही उभी होती. फ्रॉकचा घेर दोन्ही मुठीत धरून.

"आमच्या रेडकाला," ती म्हणाली.

बाईंनी मला बघितलं. बसल्या जागेवरून पंजा उंचावून मला तिथंच थांबवलं, आणि पुन्हा तिच्याकडं बघायला लागल्या. मी चौकटीशी उभी राहिले. पोरं मांडी घालून बसलेली. कुणी हललं नाही. वर पंखा फिरत होता.

"आमच्या रेडकाला, काल, मी…"

खालून हॉर्न वाजला. आमच्या थांब्यावर एसटी फार वेळ थांबत नाही. मी बाईंकडं बघितलं. त्यांना हॉर्न ऐकू आला होता, मी निघालेय हे माहीत होतं, पण त्यांची नजर त्या पोरीवरून हलली नाही. आणि ती हलली नाही याचं मला वाईट वाटलं नाही.

मी चपला घातल्या, आवाज न करता. पायऱ्या उतरताना मागून बारीक आवाज आला, "आणि".

मग काही नाही. मी थोडं थांबून ऐकलं. वर्गात एवढी पोरं होती, पण कुणीही तिच्या मदतीला धावलं नाही.

दुसरा हॉर्न वाजला तशी मी पळाले.